झाडपाल्यानं काही होत नसते

ही गोष्ट सांगायची मी बारा वर्षं टाळली. कारणं भरपूर होती आणि प्रत्येक कारण दिसायला चांगलं होतं. आधी म्हटलं, वहिनींची तब्येत सुधारू दे. मग म्हटलं, दादाला धक्का बसेल. दादा गेल्यावर म्हटलं, आता त्या एकट्या पडल्या, जुनं कशाला उकरायचं. गेल्या वर्षी वहिनीही गेल्या. मोक्षधामातून परत येताना माझ्या मनात पहिला शब्द आला तो 'सुटलो'. हे लिहायला लाज वाटते. पण लाज वाटून घ्यायचीच ठरवली आहे तर अर्धवट कशाला?

सुटलो मात्र नाही. वर्षश्राद्धाला पुतण्याने वहिनींच्या फोटोखाली चार ओळी छापून वाटल्या. त्यातली एक अशी होती : 'उत्तरायुष्यात त्यांनी मानसिक आजाराशी धैर्याने झुंज दिली.' अकोल्याच्या घरात पन्नास-साठ माणसं जेवली. सगळ्यांनी तो कागद वाचला, घडी करून खिशात टाकला. मीही टाकला. अमरावतीला परतताना एसटीत माझ्या शेजारी वहिनींची नात बसली होती. ती आमच्याकडे राहून कॉलेज करते, मला छोटे आबा म्हणते. मूर्तिजापूर मागे पडल्यावर तिने विचारलं,

"छोटे आबा, आजीचं ते माझ्यातही येईल का?"

"काय ते?"

"तेच. छापलंय ना. परीक्षेच्या आधी मलाही कधी कधी उठावंसंच वाटत नाही. आई म्हणते, आजीवर गेलीस तू."

मी म्हणालो, असं काही नसतं. अगदी ठामपणे म्हणालो. बोलून झालं आणि मला माझाच आवाज ओळखू आला. बारा वर्षांपूर्वी याच आवाजात मी एक वाक्य बोललो होतो. पोरगी खिडकीबाहेर बघत बसली. तिचा माझ्यावर विश्वास बसला नव्हता, आणि तिचं बरोबर होतं.

म्हणून लिहितो आहे. ज्यांना वाचायचं नाही त्यांनी बाजूला ठेवावं. माझी वहिनी वेडी नव्हती. त्यांना जे झालं ते मी दिलेल्या पुडीने झालं. ते त्यांना स्वतःला कळलं होतं, त्यांनी ते चारचौघांत बोलून दाखवलं होतं, आणि मी त्यांना खोटं पाडलं.

वहिनी बार्शीटाकळीकडच्या एका गावातून लग्न होऊन आल्या, तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो आणि त्या एकोणीस. आवाज असा खणखणीत की आमच्या गल्लीत भाजीवाला दोन घरं अलीकडूनच नरमाईने बोलायला लागायचा. कोणाच्या तोंडावर काय बोलू नये हे त्यांना कधी कळलं नाही, किंवा कळूनही त्यांनी ते पाळलं नाही. दादा बँकेत होता, मोजकं बोलणारा. तो म्हणायचा, "माह्या वाट्याचं बी हेच बोलून घेते."

त्यांचं खरं राज्य मात्र रोडग्यांच्या जेवणात. वऱ्हाडाबाहेरच्यांसाठी सांगतो : कणकेचे जाड गोळे पदर घालून वळायचे आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, ते रोडगे. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. अकोटच्या रस्त्यावर आमचं शेत आहे, तिथल्या देवापुढे दर वर्षी थंडी सरताना सगळं कुटुंब जमतं. निखारा किती लाल हवा, रोडगा कधी उलटायचा, राख कधी झटकायची, हे वहिनी पदर खोचून सांगायच्या आणि ऐंशी-नव्वद माणसं ऐकायची. हाताला चटका बसला तरी रोडगा दुसऱ्याला काढू द्यायच्या नाहीत.

माझी आई गेली तेव्हा मी कॉलेजात होतो. तेरा दिवस मी रडलो नाही, जेवलोही नाही धड. लोक म्हणाले, पोरगा खंबीर आहे. चौदाव्या दिवशी वहिनींनी मला स्वयंपाकघरात पाटावर बसवलं. गरम भाकरी, वर तेल, आणि हिरव्या मिरचीचा ताजा ठेचा. म्हणाल्या, "खा."

दुसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिसऱ्याला थांबेना. मी मान खाली घालून हुंदके देत जेवत होतो. बाहेर पाहुणे होते. वहिनी माझ्या नि दाराच्या मधे उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "रडा भाऊजी. कोनी विचारलं त मिरचीचं नाव सांगा."

त्यांचं सगळं शास्त्रच असं होतं. उदास माणसाला ठेचा. तापलेल्या डोक्याला अंबाडीची आंबट भाजी. झोप नसेल तर दुधात चिमूटभर जायफळ, "पन चिमटीच, जास्त झालं त मानूस बडबडते." मी पुढे वनस्पतीशास्त्र शिकलो, अमरावतीत ज्युनियर कॉलेजला तेच शिकवायला लागलो, आणि त्यांना चिडवायचो.

"वहिनी, हे कोणत्या पुस्तकात आहे?"

"माह्या जिभेवर छापलं हाये. तुमच्या पुस्तकाले चव असते का?"

आता मासिकांमधून तेच छापून येतं. मिरचीच्या आगीने मेंदू वेदना शमवणारी द्रव्यं सोडतो, मग माणसाला हलकं वाटतं. चांगल्या गुळगुळीत कागदावर असतं. वहिनींना कोणी लेखक म्हटलं नाही. आणि एक गोष्ट बघा. जायफळ किती घालायचं याची मर्यादा त्या बाईला माहीत होती. मर्यादा माझ्याजवळ नव्हती.

मी दर वर्षी मुलांची सहल सेमाडोहच्या जंगलात न्यायचो. तिथे एक म्हातारा कोरकू आदिवासी होता, जंगल त्याला पाठ. झाडांची शास्त्रीय नावं मी सांगायचो, आणि ती झाडं माणसाला काय करतात ते तो सांगायचा. निवृत्त झाल्यावरही मी त्याच्याकडे जात राहिलो. एकदा त्याच्या झोपडीत सर्पगंधेची वाळलेली मुळं टांगलेली दिसली. मला ही वनस्पती चांगली माहीत होती. तीस वर्षं वर्गात शिकवली होती : सर्पगंधा, मुळांचा उपयोग, रक्तदाब कमी करते. मी त्याच्याकडे मुळं मागितली. त्याने दिली, पण हातात देताना म्हणाला,

"गुरुजी, ये जड़ी मन को सुला देती है. आठ-दस दिन, बस. जादा नहीं. और जो उदास रहता उसको बिलकुल नहीं."

मी हसून मान हलवली. मला वाटलं, मन शांत होतं असं म्हणतोय बिचारा. त्याने दोनदा सांगितलं होतं. पदवी माझ्याजवळ होती म्हणून मी ते ऐकलं नाही.

ती मुळं मी वहिनींसाठी आणली होती. साठीनंतर त्यांना बीपी निघालं. गोळ्या सुरू झाल्या आणि कोरडा खोकला लागला. दुसरी गोळी बदलून घ्यायला डॉक्टरकडे जायच्याऐवजी त्यांनी गोळ्याच बंद केल्या. चूक होती, पण खोकून खोकून बरगड्या दुखणाऱ्या माणसाची चूक होती. दिवाळीला मी अकोल्याला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या,

"भाऊजी, तुमी येवढे झाडं शिकवता पोट्ट्यायले. मले एक झाड द्या ना."

दादा म्हणाला, "बीपीचं नाही भेटलं त तोंड बंद कराचं दे."

सगळे हसलो. वहिनीही हसल्या. मी मुळं कुटून वस्त्रगाळ चूर्ण केलं, कागदाच्या पुड्या बांधल्या, रोज सकाळी एक घ्यायची असं सांगितलं. त्यांनी विचारलं, "याचा काही तरास?" मी म्हणालो, "वहिनी, हे निसर्गाचं आहे, कारखान्यातलं नाही." किती दिवस घ्यायचं ते मी सांगितलंच नाही. संपत आलं की नव्या पुड्या पाठवत राहिलो.

बीपी उतरलं. दादाने फोनवर कौतुक केलं. महिनाभराने पुन्हा फोन आला, "मास्तर, तुह्या पुडीनं कमाल केली बावा. घरात कसं शांत वाटून राहिलं. दोन दिवस झाले, एकदा नाही ओरडली." मला त्या वेळी अभिमान वाटला. आता त्या वाक्याने अंगावर काटा येतो. त्या गप्प झाल्या होत्या, आणि आम्हा सगळ्यांना ते बरं वाटत होतं. हीच आमची मोठी चूक, आणि ती एकट्या माझी नाही, सबंध घराची आहे. एखादा शांत माणूस अचानक ओरडायला लागला असता तर आम्ही दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेला असता. ओरडणारी बाई गप्प झाली तेव्हा आम्ही म्हणालो, सुधारली.

संक्रांतीला त्यांनी तीळ भाजायला घेतले आणि करपवले. कढईसमोर बसून होत्या म्हणे. नात तेव्हा आठ वर्षांची होती. तिला अजून आठवतं, आजी भिंतीकडे तोंड करून निजलेली असायची आणि हाक मारली की खूप उशिराने 'हूं' म्हणायची. हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? बहुतेक म्हणालो असतो, वयाचं आहे.

मग रोडग्यांचं जेवण आलं.

शेतात नेहमीसारखी गर्दी होती. गोवऱ्या पेटल्या. वहिनी निंबाखाली सतरंजीवर बसून होत्या, हात मांडीवर. जावा येऊन विचारून गेल्या, जाऊबाई, उलटायचे का? त्या नुसत्या बघायच्या. पहिली खेप जळाली. धूर झाला, पोरं खोकायला लागली, आणि कोणीतरी म्हणालं, "आज सेनापतीच झोपला हाये!" हशा झाला. दादा ओशाळला. तो वहिनींजवळ गेला आणि जरा जोरात म्हणाला, "काहून असं करून राहिली तू? लोकं काय म्हनतीन?"

तेव्हा वहिनी उठल्या. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. आवाज पूर्वीचा नव्हता, पण शब्द स्पष्ट होते.

"मी काही नाही करून राहिली. हे भाऊजीच्या पुडीनं होऊन राहिलं. पुडी घेतली का मले दिवसभर कशातच जीव लागत नाही. आंदी असं नव्हतं. माह्या आतली बत्ती कोनी विझवून टाकली असं वाटते."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पंचक्रोशीत मी झाडांचा जाणकार. भावकीतले अर्धे लोक माझ्याकडून काढे नि चूर्णं नेत. मला आठवतं, मी हातातली पत्रावळ खाली ठेवली आणि अगदी समजूतदारपणे हसलो. वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलीकडे बघून हसायचो तसा.

"वहिनी, झाडपाल्यानं काही होत नसते. हे तुमच्या मनाचं आहे."

लोकांनी माना डोलावल्या. एक काकू म्हणाल्या, "खरं हाये जी, मास्तर शिकलेले हायेत." वहिनी खाली बसल्या. त्यानंतर या विषयावर त्या घरात कोणाशी एक शब्द बोलल्या नाहीत.

परतताना अकोला मागे पडलं. मग माझी बायको म्हणाली, "त्या बाईनं आयुष्यात कधी खोटं बोललेलं मला आठवत नाही. तुम्हाला आठवतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझं जुनं पाठ्यपुस्तक काढलं. त्यातूनच मी शिकवायचो. सर्पगंधेचं पान उघडलं. रक्तदाबाची ओळ होती, खाली लाल रेघ. तिच्या पुढच्या परिच्छेदावर पेन्सिलीने उभी रेघ मारलेली होती आणि समासात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं : 'परीक्षेला नाही.'

अभ्यासक्रम कमी झाला तेव्हा मी असे पुष्कळ परिच्छेद कापले होते. आमची पद्धतच ती. मुलांना सांगायचं, एवढं सोडून द्या. सोडलेलं आपणही पुन्हा वाचत नाही. त्या परिच्छेदात लिहिलं होतं की मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला काही द्रव्यं साठवून ठेवतात. उत्साह, आनंद, काही करावंसं वाटणं, यांत त्या द्रव्यांचा हात असतो. सर्पगंधेतलं मुख्य द्रव्य हे साठे रिकामे करतं. रक्तदाब उतरतो तोही त्यानेच. आणि जास्त दिवस घेतल्यास काही माणसांना खोल खिन्नता येऊ शकते.

आतली बत्ती कोणी विझवून टाकली. वहिनींनी एका वाक्यात सांगितलं होतं ते पुस्तकाने आठ ओळींत सांगितलं होतं. सेमाडोहच्या म्हाताऱ्याने त्याहून कमी शब्दांत सांगितलं होतं. तिघांनी सांगितलं आणि मला कळायचं राहिलं.

इथे मी लगेच गाडी पकडायला हवी होती. मी दादाला फोन केला आणि म्हणालो, "पुड्या बंद कर. मुळं आता मिळत नाहीत, जंगल खात्याने कडक केलंय." कारण सांगितलं नाही. उरलेलं चूर्ण फेकून दे म्हणालो, जुनं झालं असेल.

पुढे जे केलं ते याहून वाईट. आठवड्याभरात दादाने वहिनींना अकोल्यातल्या एका मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. मलाही सोबत बोलावलं, कारण मी शिकलेला. डॉक्टरांनी सगळं नीट विचारलं आणि शेवटी म्हणाले, "दुसरं काही औषध सुरू होतं का? आयुर्वेदिक, काढा, झाडपाला, काहीही?"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. दादानेही बघितलं. पेन उघडून डॉक्टर वाट बघत होते.

"नाही," मी म्हणालो. "तसं काही नाही."

तेव्हा मला सगळं माहीत होतं. रोडग्यांच्या दिवशी मी अडाणी होतो. त्या खोलीत मी लबाड होतो.

फाइल तयार झाली. फाइलवर आजाराचं नाव आलं. पुड्या बंद झाल्या, गोळ्या सुरू झाल्या, आणि तीन-चार महिन्यांत वहिनी बऱ्याच सावरल्या. कशामुळे सावरल्या हे डॉक्टरांना कळायला मार्गच नव्हता, तो मी बंद केला होता. आजही मला कोणी जाणते लोक सांगतात की असं एका कारणाने होत नाही, वय असतं, स्वभाव असतो, आणखीही काही असेल. असेल. मी डॉक्टर नाही. पण त्या 'असेल'च्या सावलीत मी बारा वर्षं बसलो, आता बसणार नाही.

वहिनींचा आवाज परत आला, पण त्यांची जागा परत आली नाही. पुढच्या वर्षी रोडगे करायला आचारी बोलावला. "आईले तरास नको," पुतण्या म्हणाला. प्रेमानेच म्हणाला. वहिनी कशावर चिडल्या, भाजीवर, टीव्हीच्या आवाजावर, की सुनेचा पहिला प्रश्न ठरलेला : "आई, औषध घेतलं का?" साठ वर्षं ज्या बाईचा राग म्हणजे राग होता, तिचा राग आता लक्षण झाला. खरं बोलल्या तरी लक्षण. त्यांनी भांडायचं कमी केलं. जे एकदा मुळीने केलं होतं तेच पुढे आमच्या त्या प्रश्नाने केलं, आणि त्याला कुठलीही मुळी लागली नाही.

मी दोनदा सांगायला गेलो. पहिल्यांदा दादा आजारी होता, मी त्याच्या उशाशी बसून परत आलो. दुसऱ्यांदा वहिनी जाण्याच्या चार महिने आधी, चैत्रात. दुपारची वेळ होती, घरात आम्ही दोघंच. त्या अठ्ठ्याहत्तरच्या. मला बघून त्यांनी खलबत्ता काढला.

"वहिनी, राहू द्या ना. हात दुखतील."

"तुमी बसा जी. मिक्सरचा ठेचा म्हन्जे काही ठेचा होते का?"

हळूहळू मिरच्या कुटत होत्या. मी मनात वाक्य जुळवत होतो. बदनेऱ्यापासून जुळवत आलो होतो. तेवढ्यात कुटता कुटता त्यांनीच विचारलं,

"भाऊजी, त्या पुडीत काय होतं?"

अकरा-बारा वर्षांत पहिल्यांदा. स्वर अगदी साधा.

"सर्पगंधा," मी म्हणालो.

"नाव चांगलं हाये."

बत्त्याचा आवाज थांबला. त्या माझ्याकडे बघत थांबल्या. त्यांनी मला दार पूर्ण उघडून दिलं होतं. मला फक्त आत पाऊल टाकायचं होतं.

मी म्हणालो, "जुनी गोष्ट झाली, वहिनी."

"हाव," त्या म्हणाल्या. "बाकी सगळं जुनं होते. तेवढंच एक होत नाही." आणि पुन्हा कुटायला लागल्या.

त्यांनी भाकरी वाढली, वर तेल, वर ठेचा. दुसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी चेहरा पुसला. वहिनींनी पाण्याचा गिलास माझ्याकडे सरकवला आणि पन्नासहून जास्त वर्षांपूर्वीचंच वाक्य बोलल्या, "मिरचीचं नाव सांगा, भाऊजी."

मी सांगितलं. म्हणालो, "तिखट झालं आज." जेवलो आणि साडेतीनची गाडी पकडून अमरावतीला आलो. श्रावणात त्या गेल्या.

वर्षश्राद्धाहून आल्यावर दोन दिवसांनी मी नातीला समोर बसवलं, पाठ्यपुस्तकाचं ते पान दाखवलं आणि सगळं सांगितलं. तिने समासातलं माझं अक्षर बराच वेळ बघितलं.

"म्हणजे आजीला कळलं होतं."

"हो. सगळ्यांत आधी तिलाच."

"आणि तुम्ही तिला सांगितलं का, की तुला बरोबर कळलं होतं?"

"नाही."

तिने मला माफ केलं नाही. करायचं कारणही नव्हतं. ती फक्त म्हणाली, "मग आता सगळ्यांना सांगा." नंतर दाराशी थांबून म्हणाली, "आणि मला परीक्षेच्या आधी जे होतं ते मी कॉलेजातल्या डॉक्टर बाईंना दाखवणार आहे. तुमच्याकडून काही घेणार नाही." मी म्हणालो, तेच योग्य आहे.

पुतण्याचा फोन आला. "काका, आता काहून उकरता? आई गेली, बाबा गेले. लोकं तुमालेच नाव ठेवतीन." ठेवू देत. माझ्या नावाचं मला आता फारसं काम उरलेलं नाही. त्यांच्या नावाचं त्या पोरीला आहे.

आमच्या कॉलनीतले लोक अजूनही येतात. सर, झोपेला काही द्या, मनाला उभारी येईल असं काही द्या, गोळ्या नकोत, नैसर्गिक पाहिजे, त्याने निदान अपाय तरी नाही. मी आता त्यांना दारातूनच सांगतो की माझ्याकडे काही नाही. त्यांना राग येतो. येऊ द्या. आणि हे ऐकून जे खूश होतात, की बघा, सगळा झाडपाला थोतांडच, त्यांच्याशीही मी भांडतो. थोतांड असतं तर माझ्या वहिनींना काही झालं नसतं. त्या मुळीत ताकद होती. चहात आहे, मिरचीत आहे, जायफळात आहे. तोंडावाटे आत गेलेली वस्तू डोक्यापर्यंत पोचते, कधी दिवा लावते, कधी विझवते. ज्याने गुण येतो त्याने घातही होतो, मग ते जंगलातून आलेलं असो की कारखान्यातून. फरक इतकाच की कारखान्याच्या गोळीसोबत अपायाची यादी येते. माझ्या पुडीसोबतची यादी सेमाडोहच्या म्हाताऱ्याने तोंडी दिली होती, आणि मी ती वाटेत टाकून आलो.

या वर्षीच्या रोडग्यांच्या जेवणात, त्याच निंबाखाली, त्याच माणसांसमोर मी हे वाचून दाखवणार आहे. पुतण्याला कळवलं आहे. त्या दिवशी माना डोलावणाऱ्यांपैकी बरेच जण अजून हयात आहेत. ज्यांना उठून जायचं असेल त्यांनी जेवून मग जावं. मी वाचायचं थांबणार नाही. 'मानसिक आजार' लिहिलेला तो कागद प्रत्येकाने आठवणीने सोबत आणावा, गोवऱ्या पेटवायला कामी येईल.

शेवटचं जे आहे ते त्यांच्यासाठी नाही. ते त्या चैत्रातल्या दुपारी, बत्त्याचा आवाज थांबला होता तेवढ्या वेळात म्हणायचं होतं. एवढंच होतं :

वहिनी, त्या दिवशी शेतात तुमी खरं बोलत होत्या. खोटं मी बोललो. पुडीनंच झालं, अन् डॉक्टरापुढं बसलो होतो तवा मले ते माहीत होतं. तुमच्या मनाचं काही नव्हतं. माफ करा, असं म्हनाचं तोंड नाही माहं, तरी म्हनतो. अन् आज डोळ्यात पानी आलं ते मिरचीचं नाही.